व्हेराबाई फिग्नर: तुरुंगांतील व तुरुंगाबाहेरील

राजकीय कैदी सुटून आला म्हणजे स्टेशनावर गर्दी लोटते, हारतुरे होतात, पेठेंतून मिरवणूक निघते, आणि तो आंत असतां ज्यांनीं त्याच्या दारावरून जाण्याचेंही टाळलें तेच पुढें सरसावून त्याच्या गळ्यांत पहिला हार घालतात. हा देखावा आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. परंतु तो आंत असतां त्याच्या घरीं चूल पेटली कीं नाहीं, त्याच्या म्हाताऱ्या आईस त्याचें पत्र पोंचलें कीं नाहीं, त्याला वाचावयास पुस्तक व अंगावर घ्यावयास घोंगडी मिळते कीं नाहीं, याची विचारपूस करणारीं माणसें एकेका गांवांत किती निघतात, हें ज्यानें त्यानें मनाशीं मोजून पाहावें. आज आम्ही ज्या बाईंचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों, त्या आमच्या देशाच्या नव्हत, आणि त्यांचे सर्वच मार्ग आम्हांस मान्य आहेत असेंही नाहीं. पण वीस वर्षें स्वतः कोठडींत काढून बाहेर आल्यावर उरलेलें आयुष्य ज्यांनीं आंत राहिलेल्यांच्या चाकरींत घालविलें, आणि राज्य कोणाचें आहे हें न पाहतां घालविलें, अशीं माणसें इतिहासांत फार सांपडत नाहींत.

व्हेरा निकोलायेव्हना फिग्नर यांचा जन्म १८५२ सालीं रशियांतील कझान प्रांतांत एका सरदार घराण्यांत झाला. वडील जंगलखात्यांत अधिकारी होते. भावंडांत व्हेराबाई सर्वांत वडील; त्यांचा निकोलाय नांवाचा भाऊ पुढें रशियाच्या रंगभूमीवरील नामांकित गायक झाला. अकराव्या वर्षीं त्यांस कझान शहरांतील सरदारांच्या मुलींच्या विद्यालयांत घातलें व सहा वर्षें तेथेंच ठेविलें. तेथलें शिक्षण म्हणजे मुलगी चांगल्या घरीं पडावी एवढ्याच बेताचें. बाहेर याच सुमारास, म्हणजे १८६१ सालीं, झार दुसरा अलेक्झांडर यानें कोट्यवधि कुळांस जमीनदारांच्या दास्यांतून कायद्यानें मोकळें केलें होतें. पण मोकळीं झालेलीं कुळें खातात काय याची वार्ता त्या विद्यालयाच्या भिंतींच्या आंत येत नव्हती.

वार्ता आली ती दुसरीच. नादेझ्दा सुस्लोव्हा नांवाची रशियन मुलगी १८६७ सालीं स्वित्झर्लंडांतील झुरिच येथें डॉक्टर झाली. रशियाच्या विश्वविद्यालयांचे दरवाजे स्त्रियांस बंद होते. झुरिचचे उघडे होते. व्हेराबाईंनीं त्याच दिवशीं आपल्या मनाशीं ठरविलें, आणि वडिलांनीं नाहीं म्हटलें. येथें रशियाचा त्या वेळचा कायदा सांगितला पाहिजे, नाहीं तर पुढची गोष्ट वाचकांस विचित्र वाटेल. अविवाहित मुलीस बापाच्या व विवाहित स्त्रीस नवऱ्याच्या संमतीवांचून स्वतःचा परवाना मिळत नसे, आणि परवान्यावांचून परदेशचें तर राहोच, दुसऱ्या गांवीं राहणेंही बेकायदेशीर. तेव्हां शिकण्याची हौस असलेल्या मुलीपुढें मार्ग एकच उरे: बापाच्या हातून सुटून नवऱ्याच्या हातीं जाणें, आणि नवरा समंजस निघावा म्हणून देवाची प्रार्थना करणें. १८७० सालीं अठराव्या वर्षीं त्यांचें लग्न न्यायखात्यांत तपासणीचें काम करणाऱ्या अलेक्सी फिलिपोव्ह यांच्याशीं झालें. नवरा समंजस निघाला. बाईंनीं त्यास नोकरी सोडावयास लावली, आणि १८७२ च्या वसंतांत नवरा-बायको व धाकटी बहीण लिडिया हीं तिघें झुरिचला पोंचलीं.

झुरिचमध्यें त्या वेळीं सुमारें शंभर रशियन मुली शिकत होत्या. दिवसा मुडदे चिरावयाचे, रात्रीं समाजशास्त्र व कामगारांचा इतिहास वाचावयाचा, असा त्यांचा क्रम असे. पुरुषांपुढें बोलण्यास जीभ धजत नाहीं म्हणून त्यांनीं केवळ स्त्रियांची एक वादसभाही काढून पाहिली. झार सरकारला हें रुचलें नाहीं. १८७३ सालीं हुकूम सुटला कीं, पुढील जानेवारीपर्यंत ज्या मुली झुरिच सोडणार नाहींत त्यांस रशियांत परीक्षा नाहीं, नोकरी नाहीं, व्यवसाय नाहीं. एवढ्यावर न थांबतां सरकारी पत्रकानें या सर्व मुलींवर अनाचाराचा जाहीर आरोप केला. स्त्री शिकूं लागली कीं प्रथम तिच्या शीलावर हात टाकावयाचा, ही युक्ति कांहीं एकट्या रशियाची नव्हे. ती आम्हीही आमच्या डोळ्यांनीं पाहिली आहे व तिचे प्रयोग करणारे पुष्कळ सभ्य गृहस्थ आम्हांस माहीत आहेत. पण सरकारनेंच आपल्या शिक्क्यानिशीं असा आरोप छापावा हें मात्र विशेष. ज्या मुलींच्या मनांत राजकारणाचा गंधही नव्हता त्यांस या एका पत्रकानें राजकारण शिकविलें. फिग्नरबाई बर्न येथील विश्वविद्यालयांत गेल्या. लिडिया व तिच्या मैत्रिणी रशियांत परतून मॉस्कोच्या गिरण्यांत मजुरीण म्हणून शिरल्या व तेथें कामगारांस वाचून दाखवूं लागल्या. १८७५ सालीं त्या एकामागून एक पकडल्या गेल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस बाईंस निरोप आला कीं, मंडळी तुरुंगांत आहे, कामाला माणूस नाहीं, परत ये. पदवीस अवघे कांहीं महिने उरले होते. ज्या पदवीसाठीं बापाशीं भांडण केलें, लग्न केलें, देश सोडला, ती टाकून त्या डिसेंबरांत परतल्या. हा निर्णय बरोबर होता कीं चूक, यावर आमच्या कचेरींतही दोन मतें पडलीं. देशाला डॉक्टरीण मिळाली असती ती गेली हें खरें. पण तुरुंगांतल्या बहिणीची हांक आल्यावर परीक्षेचा अभ्यास करीत बसणारी मुलगी चांगली डॉक्टरीण झाली असती, असें आम्हांस तरी खात्रीनें म्हणवत नाहीं. १८७७ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें पन्नास आरोपींचा खटला झाला. आरोपींच्या पिंजऱ्यांत गिरणीमजुरांबरोबर सरदारांच्या मुली बसलेल्या पाहून शहर थक्क झालें. लिडियास सैबेरियांत हद्दपारी मिळाली.

पुढील दोन वर्षांची हकीकत आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतों, कारण फिग्नरबाईंचें नांव निघालें कीं लोकांस एकदम बाँब आठवतो. बाईंनीं आधीं काय केलें तें पाहा. पति-पत्नींचे मार्ग वेगळे झाले होते व १८७६ सालीं रीतसर काडीमोड झाली. बाईंनीं डॉक्टराच्या हाताखालील वैद्यकीय मदतनिसाची व सुइणीची परीक्षा दिली, आणि प्रथम समारा व मग साराटोव्ह प्रांतांत झेम्स्त्वोची, म्हणजे आपल्याकडील लोकल बोर्डासारख्या संस्थेची, नोकरी धरली. साराटोव्हमधील व्याझ्मिनो गांवीं त्या व त्यांची बहीण एव्हगेनिया अशा दोघी राहिल्या. त्या भागांत औषध देणारी बाई कोणीं पाहिलीच नव्हती. पहिल्या महिन्यांत आठशें रोगी आले. दहा महिन्यांत पांच हजार झाले. जुन्या जखमा, खरूज, पोटाचे विकार, आणि बहुतेकांच्या मुळाशीं एकच रोग: पुरेसें अन्न नाहीं. एव्हगेनियानें शाळा काढली. फी नाहीं, पाटी-पुस्तक तिच्याच पदरचें. रात्रीं दोघी शेतकऱ्यांच्या झोंपड्यांत जाऊन वाचून दाखवीत.

यांत राजद्रोह कोठें आहे? पण पाटील, कुळकर्णी व भटजी मिळून जें त्रिकूट होतें तें कांहीं आमच्याच खेड्यांतलें नव्हे. गांवचा कारकून, जमीनदार व पाद्री यांनीं आवई उठविली कीं, या बायका परवान्यावांचून आल्या आहेत, राजा नको म्हणून सांगतात, आणि शाळेंत देव नाहीं असें शिकवितात. शेतकऱ्यांस दटावण्यांत आलें, शाळेवर पाळत बसली, औषधासाठीं येणाऱ्यांस आडकाठी झाली. अखेर १८७९ सालीं दोघींस गांव सोडावें लागलें. ज्या राज्यांत खरजेचें मलम व बाराखडी हेही गुन्हे ठरतात, त्या राज्यांत तरुण मनें कोणीकडे वळणार हें सांगावयास ज्योतिषी नको.

ज्या मार्गाकडे तीं वळलीं त्याची सुरुवातही एका कैद्यापासूनच झाली होती. १८७७ च्या जुलईंत पीटर्सबर्गच्या तुरुंगांत बोगोल्युबोव्ह नांवाच्या एका राजकीय कैद्यास शहराचा मुख्य अधिकारी जनरल ट्रेपोव्ह यानें, आपल्यापुढें टोपी काढली नाहीं म्हणून, छड्या मारविल्या. सहा महिने लोटले. कोणी कांहीं केलें नाहीं. मग १८७८ च्या जानेवारींत व्हेरा झासुलिच नांवाची तरुण स्त्री, जिनें त्या कैद्यास कधीं पाहिलेंही नव्हतें, अर्जदार म्हणून ट्रेपोव्हच्या कचेरींत गेली व तिनें त्याजवर गोळी झाडली. ट्रेपोव्ह वांचला. ज्यूरीनें झासुलिच हिला निर्दोषी म्हणून सोडून दिलें. रशियांतील मध्यम वर्गानें, म्हणजे व्यापारी, कारकून व सरकारी नोकर यांनींच, त्या दिवशीं न्यायासनाच्या समोर सरकारला आपलें मत सांगितलें. सरकारनें त्यावर काय केलें? राजकीय खटले ज्यूरीपुढून काढून लष्करी न्यायाधीशांकडे दिले.

१८७९ सालीं ‘नरोदनाया व्होल्या’, म्हणजे लोकेच्छा, या नांवाचा गुप्त पक्ष निघाला. त्याच्या कार्यकारी मंडळांत सुमारें तिसरा हिस्सा स्त्रिया होत्या आणि त्यांस पुरुषांच्या बरोबरीचें मत होतें. ज्या देशांत बाईला परवानाही नवऱ्याच्या नांवावर मिळे, त्या देशांत बरोबरी प्रथम आढळली ती एका बेकायदेशीर मंडळींत. फिग्नरबाई या मंडळाच्या सभासद होत्या. १ मार्च १८८१ रोजीं (तारखा रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणें) पीटर्सबर्गच्या रस्त्यांत झारवर बाँब पडून तो मरण पावला. ते बाँब आदल्या रात्रीं ज्या घरांत तयार झाले तें घर बाईंचें होतें.

आमचें मत आम्ही लपवीत नाहीं. हें कृत्य आम्हांस मान्य नाहीं, आणि त्याचा हिशेब व्यापाऱ्याच्या दृष्टीनें मांडला तरी तो तोट्याचाच निघतो. झारनें त्याच दिवशीं सकाळीं लोकांच्या प्रतिनिधींस सल्लामसलतींत थोडें स्थान देण्याच्या एका योजनेस संमति दिली होती; ती योजना त्याच्याबरोबरच गेली. त्याचा मुलगा तिसरा अलेक्झांडर यानें मूठ अधिकच आवळली. बाँबानें एक माणूसही मेलें ज्याचा कांहीं अपराध नव्हता, कारण रस्त्यावर एक पोरगा उभा होता. ३ एप्रिल रोजीं पांच जण फांशीं गेले. त्यांत सोफिया पेरोव्हस्काया होती. रशियांत राजकीय अपराधासाठीं फांशीं गेलेली ती पहिली स्त्री. बाईंची ती जिवलग मैत्रीण.

नंतरचीं दोन वर्षें फिग्नरबाई पकडल्या गेल्या नाहींत. कार्यकारी मंडळापैकीं रशियांत मोकळें राहिलेलें माणूस अखेर त्या एकट्याच उरल्या. देगायेव्ह नांवाचा विश्वासू सहकारी पोलिसांस मिळाला, आणि १० फेब्रुवारी १८८३ रोजीं खार्कोव्ह शहरांत रस्त्यावर त्यांस अटक झाली. वीस महिने पीटर-पॉल किल्ल्यांत, मग लष्करी न्यायालयापुढें चौदा जणांचा खटला. फांशीची शिक्षा झाली. ती बदलून जन्मठेप सक्तमजुरीची झाली. त्यांच्याबरोबर शिक्षा झालेले दोन लष्करी अधिकारी मात्र फांशीं गेले. १८८४ च्या आक्टोबरांत बाईंस श्लिसेलबुर्ग येथें नेण्यांत आलें. त्या वेळीं त्यांचें वय बत्तीस.

लाडोगा सरोवरांतून नेव्हा नदी निघते तेथें एका बेटावर हा किल्ला आहे. चाळीस कोठड्यांचा नवा तुरुंग त्यांत खास राजकीय कैद्यांसाठीं त्याच वर्षीं बांधून काढला होता. येथें नांव नाहीं. बाई म्हणजे अकरा नंबर. पत्र नाहीं, भेट नाहीं, बोलणें नाहीं, काम नाहीं. शिक्षेचें नांव सक्तमजुरी, पण मजुरी मिळती तर कैदी धन्य झाले असते; रिकाम्या हातांनीं बसविणें हाच तेथला कोलू. पहिल्या कांहीं वर्षांत कित्येक क्षयानें गेले, कित्येकांस वेड लागलें. मिनाकोव्ह व मिश्किन या दोघांनीं मुद्दाम अधिकाऱ्यांवर हात उगारला व गोळ्या खाऊन मरण पत्करलें. ग्राचेव्हस्की यानें १८८७ सालीं दिव्यांतील तेल अंगावर ओतून स्वतःस जाळून घेतलें. रात्रीं शेजारच्या कोठडींतून येणारें कण्हणें ऐकत पडून राहणें, आणि एके रात्रीं तें बंद झालें म्हणजे काय झालें तें समजणें, हा बाईंचा तेथील पहिला अभ्यासक्रम.

भिंतींवर बोटांनीं टिचक्या मारून अक्षरें जुळवावयाचीं, ही एकच भाषा कैद्यांस राहिली होती, व ती गुन्हा होती. एकदां पोपोव्ह नांवाचा सोबती बाईंशीं असा बोलत असतां पकडला गेला व त्यास शिक्षेच्या अंधारकोठडीकडे नेऊं लागले. बाईंनीं दार ठोठावून अधिकाऱ्यास बोलाविलें, आणि बोलणारे दोघे असतां शिक्षा एकालाच कां, असें विचारून आपणांसही तिकडेच न्यावें अशी मागणी केली. नेलें. तेथली थंडी, उघडी लोखंडी खाट व काळी भाकर यांचें वर्णन त्यांनीं पुढें आपल्या आठवणींत केलें आहे.

किल्ल्यांत दुसरी एकच स्त्री होती, ल्युडमिला व्होल्केन्स्टाइन, बारा नंबर. दोघींस १८८६ च्या आरंभीं एकत्र फिरण्याची सवलत मिळाली. दोन वर्षें माणसाचा शब्द न ऐकलेल्या बाईस मैत्रीण मिळाली. तिची किंमत काय सांगावी! पण थोड्याच दिवसांत व्होल्केन्स्टाइनबाईंनीं प्रश्न काढला कीं, ही सवलत सर्वांस नाहीं, चांगल्या वर्तणुकीचें बक्षीस म्हणून निवडक कैद्यांस आहे. मग आपण ती भोगावी काय? फिग्नरबाईंस हें जड गेलें. त्यांनीं कित्येक दिवस विचार केला. अखेर दोघींनीं ती सवलत परत केली, आणि सर्वांस मिळेपर्यंत, सुमारें दीड वर्ष, एकमेकींचें तोंड पाहिलें नाहीं. बाँबापेक्षां हें कृत्य आम्हांस अधिक मोठें वाटतें.

१८८९ सालीं पोलीसखात्याचा एक बडा अधिकारी किल्ला पाहून गेला आणि कैद्यांचीं कांहीं चांगलीं पुस्तकें काढून घेण्यांत आलीं. कैद्यांनीं अन्न सोडलें. एकेक करून इतरांचा निश्चय ढळला. बाई शेवटपर्यंत राहिल्या. सोबत्यांपैकीं दोघांनीं, ही मेली तर आपणही जीव देऊं असें कळविलें, तेव्हां त्यांनीं उपास सोडला. हा प्रसंग त्यांच्या मनास फार लागला. एकत्र आरंभिलेलें काम एकत्र तडीस जात नाहीं याचें दुःख त्यांस तुरुंगाच्या भिंतींपेक्षां अधिक झालें. पुढें हळूहळू दिवस थोडे पालटले. भाजीपाल्याचे वाफे मिळाले, सुतारकाम व पुस्तकबांधणी आली, वाफ्यांमधील उंच कुंपणाच्या वरच्या भागास जाळी बसली, व त्या जाळीवरून शास्त्रांचे पाठ चालूं लागले. यांतील एकही गोष्ट सरकारनें आपण होऊन दिलेली नाहीं. प्रत्येकीमागें कोणाचा तरी उपास, कोणाची तरी अंधारकोठडी, कोणाचें तरी प्रेत आहे. १८९६ सालीं व्होल्केन्स्टाइनबाई सुटल्या व किल्ल्यांत फिग्नरबाई एकट्याच स्त्री राहिल्या. (त्यांची ती मैत्रीण पुढें १९०६ च्या जानेवारींत व्लादिव्होस्तोक येथें मोर्चावर झालेल्या गोळीबारांत मरण पावली.)

१९०२ च्या मार्चांत जुने कडक नियम पुन्हां लागूं होणार असें दिसूं लागलें, आणि बाईंनीं आईस लिहिलेलें पत्र पाठविलें जाणार नाहीं असें तुरुंगाच्या अधिकाऱ्यानें येऊन सांगितलें. बाई पुढें झाल्या आणि त्यांनीं त्याच्या खांद्यावरील हुद्द्याचे पट्टे ओढून काढले. लष्करी कायद्याप्रमाणें याची शिक्षा मरण; त्या तयारीनेंच त्यांनीं हें केलें होतें. परंतु त्यांस शिक्षा झाली नाहीं. अधिकारीच बदलले गेले.

आतां आईविषयीं दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. निरोप घेतांना मुलीनें आईकडून एकच वचन घेतलें होतें, तें हें कीं, माझ्यासाठीं झारजवळ दयेची भीक मागूं नये. आईनें अठरा वर्षें तें पाळलें. मग दुखणें बळावलें, आपण फार दिवसांच्या सोबती नाहीं हें समजलें, आणि तिनें अर्ज केला. १९०३ च्या जानेवारींत हुकूम आला: जन्मठेपेऐवजीं वीस वर्षें. मुलीला आनंद झाला नाहीं, संताप झाला. सोबती जन्मभर राहणार आणि आपण दयेनें सुटणार! कोण बरोबर होतें, मुलगी कीं आई? आम्ही न्याय देत नाहीं. ज्यांच्या घरांतील मूल तुरुंगांत आहे अशा आयांनीं तो द्यावा. राग ओसरावयास पुष्कळ दिवस लागले. आई त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत वारली. मुलगी सुटली २९ सप्टेंबर १९०४ रोजीं.

सुटका म्हणजे आर्खांगेल्स्क प्रांतांतील एका समुद्रकांठच्या वस्तींत हद्दपारी. बावन्न वर्षांच्या बाईंस माणसांची भीति वाटे. चार जणांत बसलें कीं घेरी येई. १९०६ सालीं प्रकृतीसाठीं परदेशीं जाण्याची परवानगी मिळाली. तेथें त्या समाजवादी क्रांतिकारक पक्षांत शिरल्या, आणि त्या पक्षाचा एक पुढारी अझेफ हाच पोलिसांचा हस्तक असल्याचें १९०८ सालीं बाहेर येतांच पक्षापासून दूर झाल्या. देगायेव्हनें एकदां दिलेला धडा पुन्हां गिरवावा लागला.

मग आपण करावयाचें काय? १९०५ च्या बंडानंतर रशियाचे तुरुंग तुडुंब भरले होते, आणि छड्यांचा मार पुन्हां सुरू झाला होता. या माराचा अर्थ राजकीय कैद्यांस काय वाटे तें १८८९ सालीं सैबेरियांतील कारा येथें दिसलें होतें. नादेझ्दा सिगिडा नांवाच्या स्त्रीस तेथें फटके मारण्यांत आले. तिनें विष घेतलें, तिच्याबरोबर तिच्या तीन मैत्रिणींनीं घेतलें, आणि चौघीही मेल्या. १९१० च्या नोव्हेंबरांत झेरेन्तुई येथें सझोनोव्ह यानें याच कारणासाठीं पुन्हां विष घेतलें. याच १९१० सालीं फिग्नरबाईंनीं पॅरिस येथें रशियांतील राजकीय कैद्यांच्या मदतीसाठीं समिति स्थापिली. आमच्या प्रांताचा व पॅरिसमधील रशियन मंडळींचा संबंध निघाला म्हणजे सेनापति बापट यांनीं १९०७ च्या सुमारास तेथील एका रशियन क्रांतिकारकापासून मिळविलेली बाँबची कृति तेवढी लोकांस आठवते. त्याच शहरांत दोन-तीन वर्षांनीं, ज्या बाईंच्या घरीं एके काळीं बाँब भरले गेले त्या बाई, पै-पैसा गोळा करीत होत्या, हें मात्र आमच्याकडे फारसें कोणी सांगत नाहीं.

सभेंत बोलावयाचें त्यांस जिवावर येई. वीस वर्षें मुक्या राहिलेल्या बाईला परक्या भाषेंत, परक्या लोकांपुढें, स्वतःच्या दुःखाचें प्रदर्शन करावें लागे. तरी त्या देशोदेशीं फिरल्या. इंग्लंडांत गेल्या, रशियन तुरुंगांवर त्यांनीं लिहिलेलें पुस्तक युरोपच्या अनेक भाषांत निघालें. पैसा कोणाकडून आला? प्राध्यापक, वकील, छापखान्यांतले कामगार, दुकानदार यांच्याकडून. मोठ्या देणग्या थोड्या, लहान वर्गण्या पुष्कळ. तो रशियांतील तुरुंगांत आडमार्गानें पोंचवावा लागे. आणि देतांना कैदी कोणत्या पक्षाचा हें त्या विचारीत नसत. ही गोष्ट आम्ही अधोरेखित करितों. कारण आमच्याकडे फंड निघाला कीं पहिला तंटा त्याच प्रश्नावर होतो.

१९१५ सालीं, महायुद्ध चालू असतां, त्या रशियांत परतल्या आणि सरहद्दीवरच पकडल्या गेल्या. कांहीं काळ निझ्नी नोव्हगोरोद येथें पोलिसांच्या नजरेखालीं राहिल्या. १९१७ च्या फेब्रुवारींत झारशाही कोसळली. तुरुंगांतून व सैबेरियांतून हजारों कैदी सुटून आले, उघडे, आजारी, घरदार नसलेले. त्यांच्या मदतीच्या समितीचें अध्यक्षपद बाईंकडे आलें.

पण नव्या सरकारनें सर्वांस मतदान असें म्हटलें त्यांत सर्व म्हणजे कोण हें स्पष्ट केलें नव्हतें. क्रांतीची पहिली ठिणगी पीटर्सबर्गच्या, म्हणजे त्या वेळच्या पेट्रोग्राडच्या, गिरणीकामगार स्त्रियांनीं भाकरीसाठीं रस्त्यावर येऊन टाकली होती. आतां पुढारी म्हणूं लागले, घाई कसली, बायकांचें मग पाहूं. हें वाक्य कानावर न पडलेली आमची एकही वाचक भगिनी नसेल. १९ मार्च रोजीं स्त्रियांच्या समान हक्कांच्या संघानें मोर्चा काढला. सुमारें चाळीस हजार स्त्रिया होत्या: डॉक्टरिणी, शिक्षकिणी, गिरणीवाल्या, सैनिकांच्या बायका. पुढें मोटारींत संघाच्या अध्यक्षा डॉ. शिश्किना-यावेन व त्यांच्याजवळ चौसष्ट वर्षांच्या फिग्नरबाई. मोर्चा ड्यूमाच्या राजवाड्यापुढें जाऊन थांबला आणि स्पष्ट उत्तर मिळाल्यावांचून हलावयाचें नाहीं असें स्त्रियांनीं ठरविलें. पुढाऱ्यांस बाहेर यावें लागलें. दोन दिवसांत मुख्य प्रधानानें वचन दिलें, आणि २० जुलईच्या कायद्यानें रशियांतील स्त्रीस पुरुषाइतकाच मताधिकार मिळाला; इंग्लंडांत तो अर्धवट १९१८ सालीं व अमेरिकेंत १९२० सालीं आला. ज्या मुलीस पासष्ट वर्षांपूर्वी जन्मतः परवान्याचाही हक्क नव्हता तिनें हें पाहिलें.

त्याच वर्षाच्या आक्टोबरांत बोल्शेव्हिकांनीं सत्ता घेतली, व पुढील जानेवारींत ज्या लोकसभेसाठीं हें मतदान झालें ती एका दिवसांत मोडून टाकली. बाईंस हें पटलें नाहीं. त्या कम्युनिस्ट पक्षांत कधीं शिरल्या नाहींत. नव्या सरकारनें त्यांस पेन्शन दिलें, त्यांचीं पुस्तकें छापलीं, शाळांतून त्यांचें नांव शिकविलें. झारवर बाँब टाकणारी वृद्ध वीरांगना सरकारास सोयीची होती. गैरसोयीचें होतें तें दुसरेंच. मॉस्कोंत लेखक गॉर्की यांची पत्नी येकातेरीना पेश्कोव्हा राजकीय कैद्यांस मदत करणारी एक कचेरी चालवीत होत्या, आणि फिग्नरबाई आपल्या नांवाच्या वजनासह त्यांच्या पाठीशीं होत्या. आतांचे कैदी कोण? समाजवादी, अराज्यवादी, पाद्री, जुने सरदार, जुने अधिकारी. यांतील कित्येकांच्या बापांनीं बाईंस श्लिसेलबुर्गला धाडण्यास टाळ्या दिल्या असतील. त्यांच्या बायका नवऱ्याचा पत्ता विचारावयास येत, आणि कचेरी तो शोधून काढी, कपडे व खाद्य पाठवी, अर्ज लिही. १९२७ सालीं कांहीं जुन्या क्रांतिकारकांनीं सरकारकडे राजकीय छळ थांबविण्याची मागणी केली. त्यांत पंचाहत्तर वर्षांच्या फिग्नरबाई होत्या.

मागणी मान्य झाली नाहीं. जुन्या राजकीय कैद्यांचा जो संघ होता तो १९३५ सालीं मोडण्यांत आला आणि त्याचे अनेक सभासद पुढील दोन-तीन वर्षांत नव्या तुरुंगांत किंवा गोळीच्या तोंडीं गेले. पेश्कोव्हाबाईंची कचेरी १९३८ सालीं बंद झाली. फिग्नरबाईंस कोणीं हात लावला नाहीं. मॉस्कोंतील आपल्या घरीं त्या जवळ जवळ एकट्या राहिल्या. जर्मन सैन्य रशियांत खोलवर शिरलेलें असतां, १५ जून १९४२ रोजीं, न्युमोनियानें त्यांचा अंत झाला. वय नव्वदाला थोडेच दिवस कमी होतें. मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमींत त्यांस पुरलें आहे.